शंभर दाणे, दहा फाइली

गेल्या रविवारी औसा तालुक्यातून मावसभावाचा फोन आला. "दादा, कॉम्प्युटर चालू होतोय, पण ई ड्राइव्ह दिसंना. डब्यातून टकटक आवाज येतोय." मी काय विचारलं असेल, ते या सदराच्या वाचकांना तोंडपाठ आहे. बॅकअप आहे का? "आहे की. २०१९ पासून दर रविवारी होतोय. 'सक्सेसफुल' म्हणून येतंय." टकटकणारी डिस्क पुन्हापुन्हा चालू केली की आतली चकती आणखी खरवडली जाते, म्हणून मी त्याला मशीन लगेच बंद करायला लावलं आणि निर्धास्त झालो. बुधवारी गावी पोचलो. बॅकअपची बाहेरची डिस्क जोडली, रिस्टोअर सुरू केलं. २०२२ च्या दिवाळीपर्यंतचे फोटो आले. त्यानंतरचा एकही आला नाही.

थोरलीच्या लग्नाचे फोटो नाहीत. वाटणीचे स्कॅन केलेले कागद नाहीत. मावशी गेल्या वर्षी गेली. तिच्या जात्यावरच्या ओव्या भावाने मोबाइलवर भरून घेतल्या होत्या. मोबाइलची जागा संपली म्हणून कॉम्प्युटरवर टाकल्या आणि मोबाइलमधून काढल्या. त्या ओव्याही नाहीत.

कारण सापडायला अर्धा तास लागला. पुतण्याने २०१९ मध्ये बॅकअप लावताना फोल्डर स्वतः निवडले होते: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्हवरचा 'फोटो'. २०२२ च्या दिवाळीत डी भरला. मग जुन्या मशीनमधली डिस्क आत बसवली, तिला ई अक्षर मिळालं आणि 'फोटो'मधलं सगळं कट करून तिकडे नेलं. डीवर रिकामा फोल्डर तेवढा उरला. खुणा मात्र जुन्याच राहिल्या. बॅकअप दर रविवारी वेळेवर चालायचा, खूण केलेल्या जागा बघायचा, तिथे जे असेल ते लिहून घ्यायचा आणि काम झाल्याचं कळवायचा. साडेतीन वर्षांत त्याने एकदाही चुकीची बातमी दिली नाही. सांगितलेलं काम तो करतच होता. ओव्या मात्र त्या कामात कुणी धरल्याच नव्हत्या.

'सक्सेसफुल' या शब्दावर माझा जुना राग आहे आणि तो या आठवड्यात पक्का झाला. बॅकअपच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच, की जे लिहायला सांगितलं होतं ते लिहून झालं. काय लिहायचं राहिलं आणि लिहिलेलं उद्या वाचता येईल का, ही दोन उत्तरं त्या शब्दात नाहीत. माणूस मात्र तीच दोन उत्तरं मिळाली असं समजून झोपतो.

आता मला ज्याबद्दल लिहायचं आहे ते.

भावाच्या ओसरीत, सावलीला, एक ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलेलं होतं. मे सरत आला की मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्या घरांत हे दिसतं. घरचं बियाणं पेरायचं असेल तर आधी त्याची उगवण तपासायची. गोणपाट भिजवून पसरायचं, त्यावर दहा दाण्यांची एक ओळ, अशा दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरा ओला तुकडा टाकायचा, सैल गुंडाळी करायची आणि रोज पाणी शिंपडायचं. सात दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. शंभरात सत्तर किंवा जास्त निघाले तर नेहमीच्या मापाने, एकरी ३० किलो, पेरायचं. पासष्ट निघाले तर ३० चे ३२ करायचे. फारच कमी निघाले तर ते पोतं पेरणीला घ्यायचंच नाही. कृषी विभाग दर उन्हाळ्यात हे गावोगाव करून दाखवतो.

पोत्यातलं सोयाबीन नुसतं बघून कळत नाही. मेलेला दाणाही पिवळाधमक, टणक, चकचकीत दिसतो. साल पातळ आणि अंकुर सालीला लागूनच, त्यामुळे मळणीत जोराचा मार बसला किंवा पोतं उंचावरून आदळलं की आतला जीव जातो आणि बाहेर काही उमटत नाही. म्हणून भाऊ पोती फेकू देत नाही. थप्पी उंच रचत नाही, खाली लाकडी फळ्या टाकतो, भिंतीची ओल लागू देत नाही. एवढं सगळं सांभाळूनही तो त्यावर विसंबत नाही. मे महिन्यात गोणपाट भिजवतोच. दाणे घेताना पोत्याच्या वरचे घेतो, मधले घेतो, हात खुपसून तळाचेही घेतो. गेल्या वर्षी उगवण चांगली होती म्हणून यंदा तपासायचं नाही, असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

ही शिस्त ठेच लागून आलेली आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारींचा ढीग पडला होता, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. दुबार पेरणी म्हणजे काय, ते ज्याने केली त्यालाच माहीत.

त्या ओसरीपासून पंधरा पावलांवर, आतल्या खोलीत, बॅकअपची डिस्क, रविवारचा बॅकअप सोडला तर, सात वर्षं कपाटात होती. रुमालात गुंडाळलेली, कोरड्या जागी, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. साठवण चोख होती. पण सात वर्षांत तिच्यातली एक फाइल बाहेर काढून कुणी उघडून पाहिली नव्हती. शंभर दाण्यांसाठी सात दिवस थांबणाऱ्या माणसाने आईच्या आवाजासाठी सात मिनिटं दिली नव्हती. त्याला हे करायचं असतं असं कुणी सांगितलंच नव्हतं. दोष मी त्याला देत नाही, आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांना देतो. ३१ मार्चला 'वर्ल्ड बॅकअप डे' येतो तेव्हा आम्ही बॅकअप घ्या, बॅकअप घ्या असं लिहितो. काढून बघा, हे शेवटच्या ओळीत लिहितो किंवा लिहीतच नाही. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर, हा नियम मी याच सदरात किती वेळा सांगितला आहे! पण तीन पोत्यांतलं बी मेलेलं असेल तर पोती मोजून काय होणार?

तुलना एका ठिकाणी थांबते आणि ते ठिकाण महत्त्वाचं आहे. सोयाबीनचे दाणे एकमेकांसारखे असतात. सत्तर उगवले तर तीस मेल्याचं दुःख नाही, थोडं बी वाढवलं की शेत भरतं. फोटोंत तसं नाही. हजारातला एक गेला आणि तो नेमका हळदीचा असला, तर उरलेले नऊशे नव्व्याण्णव त्याची जागा भरत नाहीत. म्हणजे ज्या मालाला सत्तर टक्के चालतात त्याची तपासणी आपण करतो आणि ज्याला शंभरातले शंभर हवेत तो माल न तपासता कपाटात ठेवतो.

हे फक्त घरी घडतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याकडून मूळ डेटाबेसचा सुमारे ३०० जीबीचा साठा चुकून पुसला गेला. हाताशी बॅकअपच्या नि प्रती ठेवण्याच्या पाच पद्धती होत्या. ऐन वेळी त्यांतली एकही नीट चालत नव्हती. रोजचा बॅकअप जुन्या आवृत्तीच्या साधनामुळे रोज फसत होता आणि फसल्याचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. शेवटी उपयोगी पडली ती एका अभियंत्याने सहा तास आधी, वेगळ्याच कामासाठी, हाताने घेतलेली प्रत. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीर केलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही आदर आहे. त्यांनाही बॅकअप मेलेला आहे हे कळलं ते पेरणीच्या दिवशीच.

तुमच्या पत्रांत बहुतेक वेळा एररचे आकडे असतात. सगळ्यात जास्त येतो तो ८०७८०११९ ने संपणारा: पूर्ण सिस्टिमची इमेज घेताना जागा अपुरी असल्याची तक्रार, आणि बाहेरची डिस्क तर अर्धी रिकामी. जागा कमी असते ती तिथे नव्हे, तर विंडोजने सुरुवातीला स्वतःसाठी कापून घेतलेल्या लपलेल्या छोट्या भागात. तो भाग ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर त्यात किमान ५० एमबी मोकळे लागतात, त्याहून मोठा असेल तर ३२०. माझं म्हणणं असं, की हा एरर आलेला माणूस भाग्यवान आहे. त्याचा बॅकअप अडला आणि अडल्याचं बोलला. भावाचा कधी अडलाच नाही.

आणि फॉन्ट. युनिकोडबद्दल मी पुन्हा बोलणार, कारण बुधवारी तेही समोर आलं. परत आलेल्या फाइलींत काकांनी टाइप करून घेतलेली कुळाची वंशावळ होती. फाइल पूर्ण होती, उघडलीही. पडद्यावर नुसती चिन्हं: टोपीवाली अक्षरं, अवतरणं, चौकोन. तालुक्याच्या गावात जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये ती टाइप झाली होती आणि तो फॉन्ट या मशीनवर नव्हता. माझं ठाम मत आहे की मराठी घरांतले जितके कागद डिस्क बिघडून गेले, त्याहून जास्त असे फॉन्टपायी मुके झाले. बॅकअपने बिचाऱ्याने प्रत्येक बाइट जपला होता. वाचणारी लिपी जपायची राहिली. तुमच्याकडे अशा फाइली असतील तर आज त्या जिथे नीट दिसतात, त्याच मशीनवर त्यांची पीडीएफ करून ठेवा, आणि मग सवडीने युनिकोडमध्ये आणा.

हे सगळं आत्ताच का लिहितोय, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट बंद झाले आणि तेव्हापासून घरोघरी मशीन बदलली जात आहेत. अनेकांच्या आयुष्यातलं पहिलं रिस्टोअर याच दिवसांत होणार आहे. ते जुनं मशीन भंगारात देण्याआधी व्हावं, एवढीच माझी कळकळ.

गुरुवारी दुपारी मी आणि भाऊ बसलो. माझ्या जुन्या लॅपटॉपवरचं सगळं मी आधी काढून घेतलं होतं, तो रिकामा लॅपटॉप आणला. तपासणी दुसऱ्या मशीनवरच करायची. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल आणि त्याची ४८ आकडी किल्ली पहिल्या मशीनमध्येच ठेवलेली असेल, तर हे तिथेच उघडं पडतं. बॅकअपमध्ये आता ई ड्राइव्हच्या जागी बसवलेली नवी डिस्कही घेतली होती. मी म्हणालो, पोत्यातनं दाणे घेतोस तशा दहा फाइली काढ. त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही. एक सगळ्यात जुनी, २००६ ची. एक कालची. एक फोल्डरात फोल्डर असं पार तळाशी असलेली. दोन मराठी नावाच्या. एक सहा जीबीचा व्हिडिओ, कारण मोठी फाइल बॅकअपच्या लहान लहान झिपांत तुकडे होऊन बसते आणि एक तुकडा बिघडला की सगळी जाते. बाकी हाताला लागतील त्या. रिस्टोअर करताना मूळ जागा निवडली नाही, 'तपासणी' नावाचा नवा फोल्डर केला. मूळ जागी आणलं की नव्या फाइलीवर जुनी बसण्याची भीती असते. मग एकेक उघडली. व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून पाहिला.

गोणपाट शुक्रवारी सकाळी उघडलं. वहिनी ओळीओळीने मोजत होत्या, भाऊ वहीत लिहीत होता: एमएयूएस ६१२, शंभरपैकी त्र्याऐंशी. त्याच पानावर खाली त्याने आदल्या दिवशीचं लिहिलं: फोटो-कागद, दहापैकी नऊ. न आलेली दहावी होती पीकविम्याची पावती, ती डाउनलोड्समध्ये पडून होती आणि डाउनलोड्सवर खूण नव्हती. त्याने खूण केली, पुन्हा बॅकअप लावला आणि जेवायच्या आधी ती पावती माझ्या लॅपटॉपवर उघडून घेतली. ई ड्राइव्हची डिस्क मी पुण्याला घेऊन आलोय, सोमवारी ती दुरुस्तीच्या प्रयोगशाळेत जाईल. मावशीच्या ओव्या किती निघतात ते तिथे कळेल.