पिशवी नासली म्हणजे बी खोटे काय?

आमच्या मलकापूर-कऱ्हाड भागातील कित्येक बागाईतदारांनी ऊस, आले व सोयाबीन यांच्या जोडीस घरच्या घरी धिंगरी अळिंबी करून पाहण्यास आरंभ केला आहे. हा उद्योग चांगला आहे, असेच आमचे मत आहे. त्यास जमीन अडकत नाही. सोयाबीनचे काड व गव्हाचा भुसा घरचाच असतो. आणि घरातील बायामाणसांच्या हाती चार पैसे स्वतंत्रपणे येतात. परंतु या उद्योगात उतरलेल्या मंडळींच्या तोंडून एकच रडगाणे आम्हांस वारंवार ऐकू येते: "पिशव्या हिरव्या पडल्या, बी खोटे निघाले." या वाक्याचा पूर्वार्ध खरा असतो. उत्तरार्ध मात्र पुष्कळदा विचार न करता बोललेला असतो, आणि त्यापायी चांगला उद्योग सोडून दिला जातो. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम आमचाच अपराध कबूल करतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही वीस पिशव्या भरल्या. सहाव्या दिवशी त्यांतील तेरा पिशव्यांत हिरवे डाग दिसू लागले. आम्ही संतापून बी देणाऱ्यास एक खरमरीत पत्र लिहिले. पत्र गेल्यावर आमच्या सूनबाईंनी शांतपणे विचारले, "मामंजी, नासल्या त्या तेरा पडवीत भरल्या होत्या, आणि माजघरात भरलेल्या सात चांगल्या आहेत. पडवीतच आपण आल्यासाठी ट्रायकोडर्मा शेणखतात कालवला होता ना?" बी एकच, काड एकच, भरणारे हातही तेच, फरक केवळ जागेचा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी देणे म्हणतात ते हेच. आम्ही दुसरे पत्र लिहून क्षमा मागितली.

ट्रायकोडर्मा आमच्या वाचकांस नवीन नाही. आल्या-हळदीची कंदकूज करणाऱ्या बुरशींस आवर घालण्यासाठी ही उपकारक बुरशी आपण विकत आणून शेतात घालतो. ती दुसऱ्या बुरशीच्या तंतूंस वेढून त्यांवर आपली उपजीविका करते, म्हणून ती पिकाची मित्र होय. परंतु अळिंबी हीही बुरशीच आहे, ही गोष्ट आपण विसरतो. शेतातील मित्र पिशवीत वैरी होतो. ट्रायकोडर्माच्या अनेक जाती मातीत व कुजत्या काडीकचऱ्यात आपोआपच असतात. आपण तर तिची पुडी घरात आणून ठेवतो! बटण अळिंबीच्या धंद्यात आयर्लंडात १९८५ च्या सुमारास याच कुळातील एका बुरशीने हाहाकार केला व पुढे ती साथ इतर देशांतही दिसली. जेथे मोठमोठ्या कारखानदारांची ही गत झाली, तेथे आपण पडवीतल्या पडवीत निष्काळजी राहून कसे चालेल?

आमचे म्हणणे इतकेच आहे की, नासलेली पिशवी ही केवळ नुकसान नसून साक्षीदारही आहे. तिची साक्ष न घेता ती फेकून देणे हे दुहेरी नुकसान होय. बुरशी कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी व किती पिशव्यांत दिसली, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवली, तर दोष बहुधा सापडतो. चार-पाच दिवसांतच पिशवीभर सर्वत्र डाग पडले, तर काड नीट तापलेले नाही, असे समजावे. बियाच्या दाण्यांभोवतीच हिरवे वा काळे दिसले, तर बियावर संशय घेण्यास जागा आहे. पांढरे जाळे बरेच पसरल्यावर एखाद्या भोकापाशी डाग आला, तर तो हात, हवा किंवा चिलटे यांचा प्रसाद होय. तळाशी पाणी साचून आंबूस घाण येत असेल, तर काड ओले भरले गेले. मुठीत घट्ट दाबले असता एखाददुसरा थेंबच निघावा, धार लागू नये. काळ्या शाईसारख्या विरघळणाऱ्या छत्र्या उगवल्या, तर काड पुरते तापले नाही किंवा ओल अधिक झाली. पहिली तोडणी झाल्यावर बिघाड झाला, तर मागे राहिलेले देठ कुजले असतील किंवा पाणी जास्त मारले गेले असेल.

यापुढेही संशय राहिल्यास दोन साध्या कसोट्या आहेत. प्रत्येक भरणीच्या वेळी एक पिशवी बी न घालता तशीच भरून ठेवावी. आणि मूठभर बी, उकळून घेतलेल्या स्वच्छ काचेच्या बरणीत, काडावाचून, तोंडास स्वच्छ फडके बांधून ठेवावे. बिनबियाची पिशवी पहिल्या चार-पाच दिवसांतच हिरवी पडली, तर काडाचा दोष. बरणीतील दाणे हिरवे पडले, तर बियाचा दोष. मग खुशाल बी देणाऱ्यास पत्र लिहावे, पण बरणी पुढे ठेवून लिहावे.

आता उपायाविषयी. नासलेल्या पिशवीस औषध नाही, हे सरळ मान्य करावे. तोंड न उघडता ती घराबाहेर न्यावी व पडवीपासून लांब खड्ड्यात पुरावी. तिच्यावर आलेली अळिंबी खाऊ नये व विकूही नये; गिऱ्हाइकाचा विश्वास एका पिशवीहून मोलाचा आहे.

काड शुद्ध करण्यासाठी कार्बेन्डाझिम व फॉर्मॅलीन यांच्या द्रावणात ते सोळा ते अठरा तास भिजवावे, अशी रीत सर्रास सांगितली जाते. ती सोयीची आहे, यात शंका नाही. तथापि ज्या घरात चूल आहे व मुले वावरतात, तेथे ती नसावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. फॉर्मॅलीनमधून जो फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, तो मनुष्यास कर्करोगकारक असल्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला आहे. घरच्या माणसाने गरम पाण्याचीच रीत धरावी: पाणी ८० अंश सेंटिग्रेडच्या आसपास ठेवून त्यात काड तासभर बुडवावे, मग स्वच्छ जागी निथळून, गार झाल्यावरच बी घालावे. अंदाजाने नव्हे, तर तापमापक बुडवून पाहावे. सरपण लागते हे खरे. परंतु आपल्या भागात गुऱ्हाळाच्या जुन्या काहिली अडगळीत पडून आहेत व चिपाडही मिळते. चार घरांनी मिळून एक काहील घासून लावली, तर सर्वांचे काड एका दिवसात तापून निघेल. अशा कामी संस्थेने पुढाकार घ्यावा, अशी आमची सूचना आहे.

नवशिक्यास आमचे सांगणे हेच की, कोणाच्या भरघोस नफ्याच्या गोष्टी ऐकून एकदम शंभर पिशव्या भरू नयेत. प्रथम दहा भराव्या व एक वही घालावी: बियाची तारीख, काड कोठले, पाणी किती तापले, भरणी कोणत्या जागी, डाग कोणत्या दिवशी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचे केंद्र आहे. तेथे सल्ला विचारण्यास जाल तेव्हा ही वही बरोबर न्यावी. वहीवाचून गेलेल्या माणसास तज्ज्ञ तरी काय सांगणार?

आपण उसाचा व दुधाचा हिशेब पैशापैशाने ठेवतो. मग पिशवीचाच हिशेब दैवावर किंवा बी देणाऱ्याच्या माथी का टाकावा? आमच्या सूनबाईंनी या खेपेस पडवीच्या दारावर खडूने लिहिले आहे: "ट्रायकोडर्मा येथे. अळिंबी येथे नाही." वाचकांनीही आपल्या घरी तसेच लिहावे, ही विनंती.