नऊ वार आणि एक पाहुणी

पुण्यात आलेल्या पाहुण्याला काय दाखवायचे, हा प्रश्न फारसा अवघड नाही. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, पर्वती, तुळशीबाग अशी यादी प्रत्येक घरी तयारच असते. पण हल्ली पाहुण्यांचे नुसते पाहून भागत नाही. त्यांना आपला पोशाखही करून बघायचा असतो. पुरुष असला तर पुणेरी पगडी चढवून फोटो काढून घेतो. (या पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे त्याला ठाऊक असते, आपल्यालाच नसते!) आणि बायकांना हवी असते नऊवारी.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलाच्या कचेरीतली एक डच बाई आमच्याकडे चार दिवस उतरली होती. चहाचा पहिला घोट घ्यायच्या आतच तिने जाहीर केले, "पाडव्याला मी तुमची ती कासोट्याची साडी नेसणार!"

"त्यात काय मोठेसे? लक्ष्मी रोडवर जाऊ," मी म्हटले.

माझ्या भगिनींना सांगायला नकोच, की हल्ली नऊवारी शिवून मिळते. पायजम्यासारखे पाय घालायचे, नाडी ओढायची, की पाच मिनिटांत आपण थेट पेशवाईत! मुलाच्या लग्नात मी स्वतः तीच घातली होती आणि चारचौघींत मिरवलेही होते. तेव्हा एका दुकानातून छानशी जांभळी नऊवारी घेतली आणि आम्ही घरी आलो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी रंगीत तालीम झाली. पाहुणी चांगली पावणेसहा फूट उंच. घोट्यापर्यंत यायची ती साडी पोटरीवरच थांबली. तेही चालवून घेतले असते. पण ओवाळून घ्यायला बसतात तशी ती पाटावर बसायला गेली, आणि टर्रकन् शिवण उसवली!

ती पोट धरधरून हसली. मग सहजच म्हणाली, "पूर्वी उंच बायका काय करीत? तुम्ही कशी नेसता, ते दाखवा ना मला."

आता हसायची पाळी तिची नव्हती, माझीही नव्हती. पस्तीस वर्षे या घरात काढली. पण मी गोल साडीतली, आणि पुढे पंजाबी ड्रेसमधली. नऊवारी नेसायला मला येतच नव्हती.

आमच्या सासूबाई पलंगावरून सारे ऐकत होत्या. वय चौऱ्याऐंशी. जन्मभर नऊवारीखेरीज दुसरे काही अंगाला लागले नाही. पण दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून आम्ही त्यांना गाऊन आणून दिला. सोयीचा म्हणून. लुगडी ट्रंकेत गेली.

"अगं, माझं ते इरकली काढ," त्या म्हणाल्या. "आणि तिला इकडे उभी कर."

मग शाळा सुरू झाली. लुगडे कमरेमागून पुढे घेऊन घट्ट गाठ मारायची. एका बाजूला पदरापुरते मोजून ठेवायचे. मधल्या घोळाच्या निऱ्या करून पुढे खोचायच्या आणि निऱ्यांचा मधला काठ पायांतून मागे नेऊन कासोटा घालायचा. सांगायला चार वाक्ये. करायला माझा पाऊण तास गेला. पण काठ कसा अगदी घोट्यावर आला! पाहुणी खाली बसली, उठली, जिना उतरून धावत वर आली. कुठे काही सुटले नाही.

"उंच असली तर कमरेशी कमी खोचायचं, बुटकी असली तर जास्त," सासूबाई म्हणाल्या. "कापड तेच. ह्याच लुगड्यात मी बाळंतपणंही काढली आणि सडपातळ होते तेव्हा मिरवलेही."

सव्वाआठ मीटर कापड, त्याला कुठे कातर लागलेली नाही. म्हणून ते कुणालाही होते. इतकी साधी गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती.

पाहुणीला मात्र शंका आली. "दुसऱ्यांचा पोशाख मी घातला, तर ते सोंग नाही ना दिसणार?" मी तिला आनंदीबाई जोशींची हकीकत सांगितली. १८८३ साली त्या डॉक्टरी शिकायला अमेरिकेस गेल्या. तिकडच्या थंडीत नऊवारीने पाय उघडे पडतात, म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, पण साडी काही सोडली नाही. गरजेप्रमाणे नेसण बदलली, तर त्यात सोंग कसले?

रात्री पणत्या विझत आल्या तेव्हा मी सासूबाईंना विचारले, "आई, मला हे कधी शिकवलं का नाहीत?"

"तू विचारलंस कधी?"

"आणि गाऊन आवडत नाही, हे तरी बोलायचंत!"

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. "मला वाकून निऱ्या खोचता येत नाहीत गं. रोज कुणाला सांगायचं?"

मला पुढे बोलवेना. सोय आम्ही पाहिली होती, ती त्यांची की आमची?

पाडव्याला पहाटे पाच वाजता सासूबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या. पाहुणीने घोळ सावरला, मी नेसवले. कासोटा दोनदा ढिला झाला, दोनदा बोलणी खाल्ली, तिसऱ्यांदा जमला. त्यांनी पदर सारखा केला, आरशात पाहिले आणि म्हणाल्या, "निऱ्या एका बाजूला गेल्यात. पण चालेल."

मग आम्ही तिघी रिक्षाने तळ्यातल्या गणपतीला जाऊन आलो. पाहुणी जाताना ते इरकली सासूबाईंनी तिच्या पिशवीत घातले. मी मात्र आता सणावारी आणि दर रविवारी त्यांना नेसवते. हात बसत चालला आहे.

शिवलेल्या नऊवारीला मी नावे ठेवत नाही. घाईच्या वेळी ती कामाला येते. आमची उसवलेलीही मी शिवून ठेवली आहे. पण यंदा फराळाची गडबड आटोपली, की घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ घटकाभर बसा आणि ट्रंक उघडायला सांगा. पाहुणी येण्याची वाट पाहू नका.