आजीच्या बोलण्याला कात्री लावण्याआधी

शिरूर-दौंडकडच्या कितीतरी घरांत एखादं तरी असं रेकॉर्डिंग पडून असतं. जत्रेला गावी आलेल्या नातवाने आजीपुढे मोबाइल ठेवला, बहात्तरच्या दुष्काळाचं विचारलं. ती खडी फोडायला गेल्याचं बोलली, सुकडी खाल्ल्याचं बोलली. मग ती तासाभराची फाइल लग्नाच्या व्हिडिओंखाली गाडली गेली. ज्यांच्याकडे अशी फाइल आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच, की ती वर काढा, लॅपटॉपवर घ्या आणि ऐकण्याजोगी करा. मात्र माउस हातात आला की हात शिवशिवतात, तेवढं सांभाळा.

याला स्टुडिओ लागत नाही. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. हेडफोन मात्र हवाच. लॅपटॉपच्या स्पीकरवर जे खटके ऐकू येत नाहीत, ते हेडफोनवर लगेच कळतात.

पहिलं काम म्हणजे मूळ फाइलची नक्कल करायची आणि मूळ फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. मोबाइलमधून लॅपटॉपवर घेताना वायर जोडा. व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायची असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोबाइलची एम-फोर-ए फाइल ऑडॅसिटीने उघडली नाही, तर एफएफएमपेग नावाची फुकट जोडणी टाकावी लागते. काम चालू असताना ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट जपून ठेवा आणि शेवटी डब्ल्यूएव्ही फाइल काढा. एका चॅनेलचं तासभराचं बोलणं साधारण ३०० एमबी होतं. आजच्या पेनड्राइव्हला ते काहीच नाही. एमपी-थ्री फक्त वाटायला, कारण ती पुन्हा पुन्हा उघडून साठवत गेलं की दर खेपेला आवाज थोडा उतरतो.

आता गोंगाट. पंखा, फ्रीज, लांबवर चालणारी मोटार हे एकसुरी आवाज बऱ्यापैकी कमी करता येतात. कोणी बोलत नाही आणि फक्त घरघर ऐकू येते, असा सेकंद-दोन सेकंदांचा तुकडा निवडायचा, ‘नॉइज रिडक्शन’मध्ये जाऊन ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबायचं, मग सगळं रेकॉर्डिंग निवडून तेच पुन्हा लावायचं. मी म्हणेन, सहा डेसिबलपासून सुरुवात करा. जास्त ओढलं की आजी विहिरीतून बोलल्यासारखी वाटते, स, श, च ही अक्षरं झिजतात, आणि थोडी घरघर परवडली असं होतं. दौंड जंक्शनजवळ घर असेल तर इंजिनाचा भोंगा, पुणे-नगर रस्त्यावर असेल तर ट्रकचा हॉर्न यानं जात नाही. तो एकसुरी नसतो, बोलण्यावर चढलेला असतो. जाऊ द्या, राहू द्या तो. दौंडच्या माणसाच्या बोलण्यात गाडी यायचीच.

ज्यांचं रेकॉर्डिंग अजून व्हायचंय, त्यांनी मात्र वीज गेली की बसावं. पंखा बंद, फ्रीज बंद, शेजारची मोटार बंद. लोडशेडिंगचा एवढा एक उपयोग आहे.

खरी जोखीम कापण्यात आहे. समजा तुम्ही विचारलंत, “सासू कशी होती?” आजी म्हणाली, “चांगली होती.” मग चार सेकंद काहीच नाही. मग, “चांगली म्हंजी, मारायची नाय.” तुम्हाला ते चार सेकंद रिकामे वाटले म्हणून काढलेत, तर दोन वाक्यं चिकटतात आणि ती लगबगीने खुलासा केल्यासारखी वाटते. दुसरं वाक्य काढलंत, तर तुम्ही तिच्या तोंडी खोटं घातलंत. म्हणून ‘ट्रंकेट सायलेन्स’ या सोयीला बोलण्यावर मोकळं सोडू नका. ती सगळ्या शांतता एकाच मापाने छाटते. कोणती शांतता आठवण्याची, कोणती गिळून टाकण्याची, हे तिला कळत नाही, तुम्हाला कळतं.

काढायचंच असेल ते काढा: चहा आणून ठेवला तो खडखडाट, मध्येच आलेला फोन, कुत्र्याला हाकलणं. कापताना आवाजाची रेघ मोठी करून बघा. पुढच्या वाक्याआधीचा श्वास त्या वाक्याबरोबर ठेवा. श्वास तोडला की माणूस मधूनच उगवल्यासारखा बोलायला लागतो. जोडावर ‘टक्’ असं वाजलं, तर कापायची जागा निवडून झेड दाबा. रेघ जिथे शून्यावर येते तिथे कड सरकते आणि खटका बहुधा जातो. एखादं नाव किंवा वाटणीचं भांडण झाकायचं असेल, तर तिथे ठार शांतता घालू नका, ती कानाला खड्ड्यासारखी लागते. त्याच खोलीची, कोणी बोलत नसतानाची घरघर तेवढ्या लांबीची उचलून तिथे ठेवा. पण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला कधीही लावू नका. ते शोभून दिसलं तरीही नको.

‘लई’, ‘व्हतं’, ‘मंग’ ऐकून काही नातवंडांना लाज वाटते आणि तेवढे भाग गाळले जातात. माझ्या मते हे सगळ्यांत वाईट संपादन. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्या म्हणणाऱ्या कितीतरी बायकांचे आवाज टेपवर घेतले, आणि २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने त्या ओव्या लोकांपुढे आणल्या. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या ओव्याही त्यात आहेत. त्या कोणी शाळेच्या मराठीत सुधारून घेतल्या असत्या, तर आज ऐकायला उरलं काय असतं? तुमच्या आजीने ओवी म्हणता म्हणता विसरून “थांब, काय गं ते?” असं शेजारणीला विचारलं असेल, तर तेही ठेवा.

आवाज कमी-जास्त असण्याची तक्रार नेहमीची. मोबाइल विचारणाऱ्याच्या हातात असतो, म्हणून नातू गरजतो आणि आजी पुटपुटते. सगळं एकदम मोठं केलंत तर नातू आणखी गरजेल. आजीचे तुकडे वेगळे निवडून ते वाढवा, तुमचे उतरवा. तुमचे ‘हां, हां’ तिच्या शब्दांवर बसले असतील, तर आता इलाज नाही. पुढच्या वेळी नुसती मान हलवा.

ऐकता ऐकता कंट्रोल-एम दाबून लेबलं टाका. ती मराठीत लिहिता येतात: ‘खडी फोडायला’, ‘बारामतीची छोटी गाडी’, ‘गुऱ्हाळ’. तासाभराच्या बोलण्यात उद्या कोणाला काही शोधायचं असेल, तर हीच वाट. फाइलच्या नावात गाव आणि तारीख घाला. सुरुवातीला तुमच्याच आवाजात कोण बोलतंय, कुठे, कधी, हे दोन वाक्यांत जोडून द्या. मूळ फाइल आणि तयार फाइल दोन वेगळ्या घरांत ठेवा, एक गावी, एक पुण्यात.

आणि भावकीच्या ग्रुपवर टाकण्याआधी ती फाइल आजीला ऐकवा. जे नको म्हणेल ते वाटायच्या नकलेतून काढा, हुज्जत घालू नका. मूळ फाइल कोणाला ऐकवायची, तेही तिलाच विचारा. ऐकता ऐकता ती बहुतेक तुम्हाला थांबवेल आणि “तसं नव्हं, ऐक आता” म्हणून नव्याने सांगायला लागेल. त्यासाठी दुसरा मोबाइल आधीच चालू करून ठेवा.