‘वीज गेली’ आणि ‘भारनियमन’

पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या डोंगरी गावात आषाढातील रात्री दिवे विझले की घरातील माणूस एवढेच म्हणतो : ‘वीज गेली.’ या वाक्याचा कर्ता वीज आहे आणि ती जणू आपणहून गेली आहे. तारेवर झाड पडले असेल, खांब वाकला असेल, दरड खचली असेल. ‘जाणे’ या अकर्मक क्रियापदाला त्याची चौकशी नाही. (त्याच रात्री आभाळातील वीज मात्र ‘पडते’. एका शब्दाकडून दोन कामे करून घेण्याची आपल्या भाषेची ही काटकसर.)

‘भारनियमन’ हा शब्द वेगळ्या जातकुळीचा आहे. इंग्रजी ‘लोडशेडिंग’मध्ये भार टाकून देण्याची कल्पना आहे, मराठीत येताना ते टाकणे लोपले आणि ‘नियमन’ हे भारदस्त तत्सम पद आले. मागणी पुरवठ्याहून वाढली, की वीजजाळ्याची 50 हर्ट्झच्या आसपास राखावी लागणारी वारंवारता घसरते. सारे जाळे कोसळू नये, यासाठी कोणाचा तरी पुरवठा ठरवून थांबवावा लागतो. कोणाचा, हाच खरा प्रश्न. महाराष्ट्रात टंचाईच्या काळात वीजगळती आणि देयकांची वसुली पाहून भागांचे गट पाडले जात व त्यानुसार अंधाराचे तास ठरत. म्हणजे येथे वेळापत्रक आहे, निवड आहे आणि निवड करणाराही आहे.

म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणे ही केवळ शैलीची चूक आहे, असे मला वाटत नाही. जुलै 2021 मध्ये महाड शहर पुरात बुडाले; तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. अशा वेळच्या अंधाराला भारनियमन म्हणणे म्हणजे पावसात खांबावर चढणाऱ्या तंत्रज्ञावर अन्याय करणे होय. उलट, ठरवून बंद केलेल्या पुरवठ्याला आपण ‘गेली’ म्हणतो, तेव्हा निर्णय घेणारा वाक्यातून अलगद निसटतो. पहिल्या प्रसंगी अर्जात विचारायचे ते ‘दुरुस्ती केव्हा?’; दुसऱ्या प्रसंगी ‘आमचाच भाग का?’

कार्यालयीन मराठीने या दोहोंमधून एक सोयीची वाट काढली आहे : ‘वीजपुरवठा खंडित झाला आहे.’ यातील ‘झाला’च्या जागी ‘केला’ ठेवून पाहा; लगेच ‘कोणी?’ असे विचारावेसे वाटते. गावातील फलकावर पुढची सूचना लागेल, तेव्हा आपण आधी तिचे क्रियापद वाचावे, वेळ नंतर.