पिशवी काढली, पण गाठीचा रिपोर्ट कुठाय?

माझ्या वन्सं लातूरला असतात. ओटीपोटात दुखतं म्हणून गेल्या महिन्यात नांदेडला दाखवायला आल्या होत्या. सात वर्षांपूर्वी ‘गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं ऐकून त्यांनी एका खासगी दवाखान्यात पिशवी काढून घेतली होती. इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, “काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आणलाय का?” वन्सं म्हणाल्या, “रिपोर्ट कशाचा? आमच्या ह्यांना गाठ ट्रेमध्ये दाखवली की!”

मैत्रिणींनो, ट्रेमधली गाठ बघून ती कसली आहे हे कोणालाच सांगता येत नाही. सोनोग्राफीत गाठीचा आकार आणि जागा कळते, जात नाही. पिशवीतल्या बहुतेक गाठी साध्या फायब्रॉइडच्या, म्हणजे स्नायूंच्या. त्रास नसेल तर त्या नुसत्या लक्षात ठेवायच्या. पाळी गेल्यावर बहुधा आकसतात. त्रास असेल तर आधी औषधं, लेकरं हवी असतील तर फक्त गाठ काढणं, असे मार्ग आहेत.

पण काही गाठी दुर्मिळ असतात. एखादीत चरबी असते, ती निरुपद्रवीच. एखादी मात्र ना साधी, ना कॅन्सरची, अशी मधलीच. पेशी किती वेगाने वाढतायत, कुठला भाग मेलाय, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ती ओळखतात. अशी गाठ काढल्यावरही वर्षानुवर्षं तपासणीला जावं लागतं, कारण ती उशिरानेही परत येऊ शकते. रिपोर्टच नसेल तर तपासणीला कोण बोलावणार?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये सांगितलं, की फायब्रॉइड म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या साधारण ३५० जणींत एकीला लपलेला कर्करोग निघतो. म्हणजे भीती अगदीच खोटी नाही. पण त्या एकीच्या नावावर सगळ्यांच्या पिशव्या काढायच्या का?

आपल्या शेजारच्या बीडमध्ये काय झालं ते आठवा. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडा आला: ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. शंभरात जवळजवळ सतराजणी! कित्येक चाळिशीच्या आतल्या. कोयता बुडला की मजुरी बुडते, वर कॅन्सरचा धाक. मग खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राची नियमावली तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना बजावलं. परवानगीचा कागद आला हे बरंच झालं. पण तो शस्त्रक्रियेच्या आधीचा. नंतरचा कागद आपणच मागितला पाहिजे, असं मला वाटतं.

काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून पॅथॉलॉजीकडे जाते. प्रयोगशाळेने मेणातला तुकडा जपला असेल तर पुढेही तो पुन्हा तपासता येतो. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हे विभाग आहेत. आणि हो, पिशवीबरोबर बीजकोषही काढले का, हेही डिस्चार्ज कार्डावर वाचा. ते गेले की पाळी जाण्याचा त्रास एकदम सुरू होतो, हाडं ठिसूळ होतात.

वन्संची गाठ तपासायला गेलीच नव्हती. आता त्यांचं एमआरआय झालंय, फिल्म घेऊन सोमवारी पुन्हा जायचं आहे. जुनं डिस्चार्ज कार्ड तेवढं सापडलं. त्यावर निदानाच्या जागी एकच शब्द आहे, ‘गाठ’.