गुळव्याची विद्या



कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामागे आपल्या उसाइतकाच गुळव्याचा हात आहे. रस तापला की भेंडीचे पाणी घालून मळी काढायची, फेसाचा रंग पाहायचा, पाक थंड पाण्यात टाकून गोळी वळते का बघायचे. थर्मामीटर ११८ अंशांच्या आसपास येतो, त्याच सुमारास गुळव्या म्हणतो, “काहील उतरवा!” ही विद्या तो चुलवाणाजवळ उभा राहून शिकला.

आता गुऱ्हाळे कमी होत आहेत. जुन्या गुळव्यांबरोबर हे ज्ञान जाऊ देऊ नका. येत्या हंगामात घरच्या शिकलेल्या मुला-मुलींना वही देऊन त्यांच्याजवळ बसवा. आधी पाहून लिहू द्या, मग हाताने करू द्या.