धावपट्टीला वाली हवा

लहान धावपट्टी एका दिवसात ओस पडत नाही. आधी विमानसेवा खंडित होते, मग अग्निशमन दल व कर्मचारी कमी होतात, उन्हापावसाने डांबराला भेगा पडून त्यांत गवत रुजते, पडक्या कुंपणातून गुरे आत शिरतात आणि अखेरीस विमान उतरवणेच धोक्याचे ठरते. या ऱ्हासाचे मूळ प्रवाशांच्या तुटवड्यात जितके आहे, तितकेच बांधणीला निधी देणाऱ्या पण देखभालीची जबाबदारी कोणावरच निश्चित न करणाऱ्या धोरणात आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे पाच विमानतळ २००९ मध्ये ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीकडे सोपवले, मात्र अपेक्षित विकास न झाल्याने ते परत ताब्यात घेण्याची प्रक्रिया शासनाला हाती घ्यावी लागली. सार्वजनिक जमीन एवढ्या प्रदीर्घ मुदतीने देताना देखभालीचे किमान निकष आणि ते मोडल्यास करार आपोआप संपुष्टात आणणारी अट घातलेली असणे किती अगत्याचे आहे, हेच यातून दिसते.

केंद्राच्या 'उडान' योजनेचा धडाही वेगळा नाही. लहान शहरांतील मार्गावर विमान कंपनीचा खर्च आणि मर्यादित भाड्यातून येणारे उत्पन्न यांतील तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची, म्हणजेच 'व्यवहार्यता तफावत निधी' पुरवायचा, अशी ही रचना आहे. तथापि, नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालानुसार, तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच होऊ शकली नाही, सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतील अवघे ५४ टिकून राहिले. योजनेतील उड्डाणांच्या पहिल्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ रोजी, नांदेड-हैदराबाद सेवेचा शुभारंभ झाला होता, परंतु नांदेडकरांनाही पुढे विमानसेवा खंडित झाल्याचा अनुभव घ्यावा लागला.

म्हणून धावपट्टीचे मोल केवळ प्रवासी फेऱ्यांवरून ठरवणे अपुरे आहे. गोंदियाजवळील बिरसी येथे नियमित प्रवासी सेवा येण्याच्या कितीतरी आधीपासून वैमानिक प्रशिक्षण संस्था कार्यरत असल्याने तेथील धावपट्टी राबती राहिली. विमानाने अत्यवस्थ रुग्णाला मोठ्या शहरात हलवणे आणि पूर किंवा भूकंपाच्या वेळी मदत पोहोचवणे, ही कामेही सुस्थितीतील धावपट्टीवरच होऊ शकतात. परिसराचे रक्षण हाही देखभालीचाच भाग आहे, कारण उतरणाऱ्या विमानाच्या मार्गात उंच बांधकाम आले की चांगली धावपट्टीही निरुपयोगी ठरते. सोलापुरात विमानाच्या मार्गात येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद, ती जून २०२३ मध्ये पाडली जाईपर्यंत, वर्षानुवर्षे रेंगाळला होता.

राज्य शासनाने प्रत्येक धावपट्टीची तपासणी करून तिचे प्रयोजन, देखभालीचा वार्षिक निधी आणि उत्तरदायी अधिकारी जाहीर करावा, आणि जिचे कोणतेही प्रयोजन उरलेले नाही तिची जमीन अन्य सार्वजनिक कामासाठी वापरण्याचा निर्णय उघडपणे घ्यावा. या धावपट्ट्यांसाठी शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या आहेत. त्यांवर गवत माजू देणे हा त्या त्यागाचा अवमान आहे, आणि तो थांबवणे हे शासनाचे कर्तव्य आहे.